रंगखात्यामागची मोहरी

वनस्पतिशास्त्राच्या बाई कॉलेजात कुणालाही अहो-जाहो करत नसत. प्राचार्यांनासुद्धा नाही. एकदा झेंडावंदनाच्या दिवशी त्या भर पटांगणात प्राचार्यांना म्हणाल्या, "तू जरा बाजूला हो. तुझ्या बुटाखाली केना आहे, आत्ताच फुललाय." प्राचार्य हसत बाजूला झाले. असं दुसरं कुणी बोललं असतं तर त्याची बदली संध्याकाळच्या शाखेत झाली असती. बाईंचं मात्र सगळ्यांना कौतुक वाटायचं, आणि मला पहिला राग यायचा तो ह्याच गोष्टीचा.

मी त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. बाई मला नावानं हाक मारत नसत. "ए केमिस्ट्री, इकडे ये." स्टाफरूमच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

बाई ठाकूरद्वारच्या. मुंबईतलं जुनं, मुरलेलं घराणं. वाडवडील सरकारी कचेऱ्यांत मोठ्या हुद्द्यांवर होते, गिरगावात त्यांच्या मालकीची घरं होती. बाईंपर्यंत त्यातल्या दोन खोल्या आणि कुणालाही न घाबरण्याची सवय एवढंच आलं होतं. लग्न केलेलं नव्हतं. पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, अंगावर पाचवारी सुती साडी आणि डोक्यावर वडिलांची जुनी साहेबी हॅट. त्या परळच्या रस्त्यानं निघाल्या की बसच्या रांगेतली माणसं वळून बघायची. बाई मात्र फुटपाथच्या फटीत काय उगवलंय ते बघत चालायच्या.

त्यांच्या पिशवीत अर्कांच्या बाटल्या असत. निर्गुडी, अडुळसा, घाणेरी, काय वाटेल ते. पानं ठेचून स्पिरिटमध्ये भिजवायची, गाळायची आणि बाटलीत भरायची. औषध म्हणून नव्हे. समोर येईल त्याच्या नाकाखाली बाटली धरायची आणि विचारायचं, "सांग, कोण?" काय नाही, कोण. मुलं डोळे मिटून वास घ्यायची, चुकायची, ओरडायची, पुन्हा वास घ्यायची. पिरियड संपल्यावरही त्यांच्या वर्गातून मुलं बाहेर पडत नसत. माझ्या वर्गात मुलं हजेरीसाठी यायची, आणि हजेरी झाली की मागच्या दारानं कॉरिडॉरमध्ये, बाईंच्या मागे. मी फळ्यावर समीकरणं लिहीत असायचो आणि बाहेरून हसण्याचा आवाज यायचा.

त्या खोटं बोलत नसत. तत्त्व वगैरे काही नव्हतं, त्यांना ते जमतच नसावं. प्राचार्य निवृत्त झाले तेव्हा प्रत्येकानं त्यांच्यावर स्तुतिसुमनं उधळली. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "ह्यानं एवढ्या वर्षांत कॉलेजात एकही झाड लावलं नाही. मागचा बहावा तोडला. बाकी माणूस शांत आहे." आणि खाली बसल्या. मी माझा प्रबंध मोठ्या आशेनं त्यांना वाचायला दिला होता. आठवड्यानं परत करताना म्हणाल्या, "तुझं व्याकरण चांगलं आहे." मी वाट बघत उभा राहिलो. पुढे काहीच नव्हतं.

हे सगळं मी गिळलं असतं. पण पुढे त्या आमच्या घरी आल्या.

आमचं घर लालबागला, चाळीत. बाबा गिरणीत, रंगखात्यात होते. म्हणजे कापड रंगवतात तिथे. लहानपणी आम्ही त्यांच्या नखांवरून कुठल्या रंगाचा घाणा चालू आहे ते ओळखायचो. संप झाला, लांबला, आणि त्यांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. सुरुवातीला बाबा सभांना जायचे, मोर्च्याला जायचे, घसा बसेपर्यंत बोलायचे. मग हळूहळू बोलणं कमी झालं, आणि एके दिवशी बंदच. आजारी नव्हते. जेवायचे, झोपायचे, गॅलरीत स्टुलावर बसायचे. काही विचारलं की "हं." हो म्हणजेही हं आणि नाही म्हणजेही हं. आईनं डबे करून घर चालवलं. मी एम.एस्सी. झालो, कॉलेजात लागलो. पेढे घेऊन बाबांसमोर उभा राहिलो तेव्हाही "हं." मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं, गावी नेऊन आणलं, वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. रोज संध्याकाळी त्यांच्याशेजारी बसून मी दिवसभराचं काहीबाही सांगायचो. वर्षानुवर्षं. मला वाटायचं, एक दिवस बोलतील, आणि बोलतील ते माझ्याशीच.

बाईंना प्रयोगशाळेतलं आम्ल हवं होतं, त्यासाठी त्या मला शोधत चाळीत आल्या. मी घरी नव्हतो. आईनं त्यांना बसवलं आणि ती आत डबे भरायला गेली. बाईंना स्वस्थ बसवत नसे. त्यांनी पिशवीतून कुठलीशी पानं काढली, आईकडून वाटी मागून घेतली, पानं ठेचली, वर स्पिरिट ओतलं आणि त्या हिरव्या रसात खडूचा एक तुकडा उभा करून ठेवला. खडू रस शोषून घेतो आणि पानातले रंग वेगवेगळे होऊन त्यावर पट्ट्यापट्ट्यांनी चढतात. पहिल्या वर्षाचा प्रयोग आहे. मी तो शेकडो मुलांकडून करवून घेतला असेल.

मी दारात आलो तेव्हा बाबा स्टूल सोडून जमिनीवर, वाटीसमोर उकिडवे बसले होते. खडूवर हिरव्याच्या वर पिवळी रेघ सरकत होती.

"पिवळो पयलो चढता?" बाबा म्हणाले.

आईच्या हातातला डाव खाली पडला.

"हो. तो हलका पडतो, पुढे पळतो," बाई म्हणाल्या.

"आमच्याकडे तो तळाक बसायचो. सारखो ढवळूचो लागायचो."

"तुम्ही रंगारी?"

"होय."

बाईंना ह्यात काहीच विशेष वाटलं नाही. त्यांना कुठे माहीत होतं, हा माणूस बोलत नाही म्हणून! त्या आणखी काही विचारत राहिल्या आणि बाबा उत्तरं देत राहिले. मी उंबऱ्यावर चपला न काढता उभा. आई पदर तोंडाला लावून रडत होती. मलाही रडू यायला हवं होतं. माझ्या मनात मात्र एवढंच आलं की खडूचा प्रयोग तर मीही करू शकलो असतो.

त्या दिवसापासून बाई बाबांना 'रंगारी' म्हणू लागल्या, आणि विशेष म्हणजे अहो-जाहो करू लागल्या. "रंगारी, येताय ना?" अशी खालून हाक आली की बाबा सदरा घालून निघायचे.

जायचे ते गिरणीत. बाबांच्याच बंद गिरणीत. रंगखात्यामागे एक लांबट पडीक पट्टा होता. वर्षानुवर्षं रंगाचं पाणी तिथे मुरलेलं. कुंपणाची भिंत पडली होती आणि पलीकडच्या बालवाडीची पोरं तिथे खेळायला यायची, मातीच्या भाकऱ्या थापायची, हात तोंडात घालायची. बाईंनी रस्त्यावरून जाताना पाहिलं होतं की त्या पट्ट्यात आघाडासुद्धा धड उगवत नाही. "आघाडा नको म्हणतो, म्हणजे मातीत काहीतरी वाईट आहे," त्या म्हणाल्या. आत शिरायची परवानगी मिळवायला त्या गिरणीच्या ऑफिसात रोज सकाळी जाऊन बसायच्या आणि मॅनेजरच्या टेबलासमोर मटार सोलायच्या. मॅनेजर कंटाळून म्हणाला, "बाई, काय ते लावा, पण ही टरफलं उचला."

त्यांची कल्पना साधी होती. काही झाडं मातीतलं शिसं, क्रोम असलं विष मुळांनी ओढून घेतात आणि पाना-देठांत साठवतात. झाड वाढू द्यायचं, उपटायचं, जाळायचं, राख बंद डब्यात ठेवायची. मग पुन्हा पेरायचं. माती हळूहळू निवळते. बाईंनी मोहरी निवडली, तिच्याजोडीला लाल माठ आणि सूर्यफूल. मोहरी पेरायची कुठे, हे ठरवायला बाबा होते. घाण्याचं पाणी कुठून वाहायचं ते त्यांना माहीत होतं.

"चिमणीच्या अंगाक," बाबा ठामपणे म्हणाले. दोघांनी हंगामभर चिमणीच्या बाजूला राबून मोहरी काढली. तिची राख मी मोठ्या संस्थेतल्या एका मित्राकडे तपासून आणली. राखेत काहीही नव्हतं. तिथली माती चांगली होती. मग मी पट्ट्यातली ठिकठिकाणची माती नेली. विष दुसऱ्या टोकाला होतं, बालवाडीकडच्या पडक्या भिंतीलगत.

मी बाबांना घरी हे सांगितलं. ते उसळले. "तुझां मशीन खोटां. माका ठावक आसा." त्या दिवशी माझ्याशी ते एवढंच बोलले, पुढे आठवडाभर काही नाही.

दुसऱ्या दिवशी बाई त्यांना म्हणाल्या, "रंगारी, तुम्ही साफ चुकलात. हंगाम फुकट घालवलात माझा." आणि बाबा हसले. डोक्यावर हात मारून, दात दाखवून हसले. "चुकलंय खरो," म्हणाले, आणि फावडं उचलून दुसऱ्या टोकाला चालू लागले. मी तिथेच उभा होतो. तेच मी सांगितलं होतं, तेही पुष्कळ मऊ शब्दांत.

आईचंही माझ्यासारखंच होतं, पण तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही. नवरा बोलू लागला म्हणून तिनं गणपतीला नारळ वाढवला. पण तो बोलायचा तो पट्ट्यावर. घरी यायचा तो दमून, आणि पुन्हा "हं." आई डबे भरता भरता विचारायची, "आज काय केल्यात?" "हं." मी पाहिलंय, संध्याकाळी बाईंची हाक आली की ती भांडी जरा जोरात घासायची.

पुढच्या हंगामात भिंतीलगतचा माठ असा तरारून आला की कुणालाही मोह व्हावा. लालभडक देठ, रुंद पानं. एके दिवशी आई तिथे गेली आणि ओचा भरून माठ घेऊन आली. तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. बाबा सांगत नसत आणि मला वाटलं, तिचा तिथे काय संबंध. तिनं कांदा घालून, वर ओलं खोबरं पेरून भाजी केली. बाईंच्या बागेतली भाजी स्वतःच्या हातानं नवऱ्याला वाढावी, एवढंच तिच्या मनात असावं.

बाबा पाटावर बसले होते, मी त्यांच्या शेजारी. तेवढ्यात बाई कसलं तरी बियाणं द्यायला आल्या. दारातच त्यांना सुपातले लाल देठ दिसले. त्या बूट न काढता सरळ आत आल्या, शेगडीजवळची कढई उचलली आणि सगळी भाजी मोरीत ओतली. मग वाकून बाबांच्या आणि माझ्या पानातलीही उचलून ओतली.

"गरिबाच्या घरातला जेवाण मोरीत वतलास?" आई म्हणाली. "संपात सुदीक असा कोणी केला नाय."

"वहिनी, ते जेवण नव्हतं. विष होतं. तिथलं काहीही खायचं नाही. हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. माझी चूक."

दुसरं कुणी असतं तर निघून गेलं असतं. बाईंनी बूट काढून बाहेर ठेवले, कढई घासली, मोरी धुतली आणि येऊन आईसमोर फरशीवर बसल्या. "मला भात वाढा. नुसता भात चालेल."

आईनं वाढला. नुसताच वाढला, आमटीचं पातेलं शेजारी असून वर आमटी घातली नाही. बाईंनी तो कोरडा भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला आणि "येते" म्हणून गेल्या. आई पुढे कित्येक महिने त्यांच्याशी बोलली नाही. बाई मात्र येताना-जाताना "बऱ्या आहात ना, वहिनी?" असं विचारत राहिल्या.

त्या हंगामाची राख मी स्वतः कॉलेजच्या प्रयोगशाळेत घेतली. नेमका आकडा काढायला ती पुन्हा मित्राकडे जायची होती, पण शिसं आहे की नाही हे साध्या परीक्षानळीतही दिसतं. राख आम्लात विरघळवायची, गाळायची, आणि त्यात एका क्षाराचं रंगहीन द्रावण थेंबथेंब सोडायचं. शिसं असेल तर सोन्यासारखा पिवळा साका उतरतो. मी मुद्दाम बाबांना प्रयोगशाळेत बोलावलं. माझ्या जागेवर ते प्रथमच येत होते. मी पांढरा कोट घातला होता. बाईही आल्या, त्यांना कुणी अडवणार नव्हतंच.

मी नळी उजेडाकडे धरली आणि थेंब सोडले. स्वच्छ पाण्यात एकदम पिवळा ढग उठला आणि चमचमत खाली बसू लागला.

बाबांनी माझा हात घट्ट धरला. रंगखात्यात एक पिवळा होता, शिशाचाच, आणि तो त्यांनी अर्धं आयुष्य ढवळला होता. माझ्या नळीतला पिवळा वेगळा होता, पण तेव्हा मी ते सांगितलं नाही. त्यांचे डोळे भरले होते. माझा हात धरूनच त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "बाईनू, बगा! गावलो!"

"गावला," बाई म्हणाल्या. "छान, केमिस्ट्री." मग दोघं पुढच्या पेरणीचं बोलत जिना उतरले. मी नळ्या धुतल्या.

काही हंगाम गेले. मातीतलं विष घटलं, पण थोडंसं. आकडे मी घेऊन आलो तेव्हा खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. म्हटलं, आता ह्यांचे चेहरे उतरतील. "घटलं ना?" बाईंनी विचारलं. "थोडं," मी म्हणालो, "ह्या वेगानं सगळं जायला तुमचं नि माझं आयुष्य पुरायचं नाही." "मग दुसरं कुणी पेरील," त्या म्हणाल्या, आणि बाबांना तेवढ्यात मोहरीवर माव्याची कीड दिसली. दोघं तिकडे पळाले. बालवाडीकडची पडकी भिंत मात्र बाईंनी ऑफिसात पुन्हा मटार सोलून बांधून घेतली होती, त्यामुळे पोरं आता तिथे येत नव्हती.

मग गिरणीची जमीन विकली गेली. रंगखातं पाडलं. जेसीबी आला आणि पट्ट्याची माती उकरून डंपरमध्ये भरू लागला, उभ्या मोहरीसकट. बाईंनी मुकादमाला विचारलं, "ही माती कुठे नेता?" तो म्हणाला, "मॅडम, आपल्याला काय माहीत? ड्रायव्हरला विचारा." बाईंनी ड्रायव्हरला विचारलं नाही. हॅट सावरत त्या डंपरच्या केबिनमध्ये चढल्या, वरून हात देऊन त्यांनी बाबांना ओढून घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "चल."

हे मला चाळीतल्या शेजाऱ्यांनी सांगितलं. अख्खं लालबाग तो प्रसंग अजून रंगवून सांगतं. संध्याकाळी दोघं चिखलानं माखून परतले. माती कॉटन ग्रीनपलीकडे, एका गोदामामागे, खाडीच्या बाजूला ओतली जात होती.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय? थंय पेरूचा," बाबा म्हणाले. मला, सरळ माझ्याकडे बघून. मी त्या वाक्यावर कितीतरी दिवस काढले.

दुसऱ्या दिवशी दोघं मोहरीची पुडी घेऊन कॉटन ग्रीनला गेले. पुढेही जात राहिले. मग बाबांना छातीचं दुखणं जडलं. परळच्या हॉस्पिटलात काही आठवडे काढून ते गेले. शेवटी त्यांना बोलवत नव्हतं, त्यामुळे कुणाशी बोलले आणि कुणाशी नाही हा प्रश्न उरला नाही.

बाराव्याला बाई आल्या. हॅट हातात होती. आई भिंतीला टेकून बसली होती. बाई तिच्याशेजारी बसल्या. आईनं, त्यांच्याकडे न बघता, विचारलं, "बाईनू, एक इचारू? थंय बसान ह्ये माझ्याइषयी कधी काय बोलत?"

मी दचकलो. ही बाई आता काय उत्तर देईल, ह्याची मला भीती वाटली. जिनं प्राचार्यांना सोडलं नाही, माझ्या प्रबंधाला सोडलं नाही, ती आज आईला काय सोडणार?

बाई म्हणाल्या, "रोज. तुमचं नाव घेतल्याशिवाय एक दिवस गेला नाही. म्हणायचे, मी गप्प बसलो आणि तिनं घर ओढलं. मला तोंड नाही तिच्याशी बोलायला."

आईनं बाईंचा हात धरला आणि मोठ्यानं रडली. संपापासून मी तिला तशी रडताना पाहिली नव्हती. मग तिनं स्वतः उठून बाईंना पान वाढलं, साग्रसंगीत.

मी बाईंना बस स्टॉपपर्यंत सोडायला निघालो. आईला मिळालेल्या उत्तरानं मला धीर आला होता. जिन्यातच विचारलं, "आणि माझ्याबद्दल?"

बाई थांबल्या. आठवून बघितलं, खरोखरच आठवून बघितलं. "नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्याबद्दल नाही, केमिस्ट्री."

"कधीच?"

"कधीच नाही. ते रंगांबद्दल बोलायचे. गिरणीतल्या गेलेल्या सोबत्यांबद्दल. बरेचदा आम्ही काहीच बोलायचो नाही."

आम्ही रस्त्यानं चालत राहिलो. स्टॉप आला तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "आईबद्दल मात्र रोज."

बाईंनी हॅट डोक्यावर ठेवली. "ते मी खोटं सांगितलं."

"खोटं? तुम्ही?"

"तिनं विचारलं तेव्हा मला तिच्याकडे बघून खरं बोलता येईना," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदाच असं झालं. कसं सुचलं कुणास ठाऊक!" त्यांचा स्वर अपराधी नव्हता, आश्चर्याचा होता.

"मग मलाही सांगायचं होतंत, बाई."

"तुला?" त्यांनी मला नीट निरखलं. "तू विचारलंस तेव्हा मला खरं बोलता आलं."

बस आली आणि त्या चढून गेल्या.

त्यानंतर आई पुष्कळ वर्षं जगली. चाळीत कुणीही आलं, सून, नात, शेजारीण, की ती बाबांच्या फोटोखाली बसून सांगायची, ह्ये गप्प आसायचे, पण थंय बसान रोज माझा नाव काढीत. बाईंनी स्वतः सांगितल्यानी, आणि बाई काय खोटा बोलणारी नाय. ऐकणारे मान डोलवायचे. मीही डोलवायचो. बाईंचा हेवा मी अर्धं आयुष्य केला होता. त्या दुपारपासून आईचाही करू लागलो.